कॉर्डलेस केटल: वायर कुठे गेली आणि पाणी उकळलं हे तिला कळतं कसं?

माझ्या मावशीने आयुष्यातली पहिली इलेक्ट्रिक केटल आणली आणि दुसऱ्याच दिवशी ती परत करायला निघाली. तक्रार एकच. खोक्यावर कॉर्डलेस छापलंय आणि आत वायर निघाली! लाइट गेले तरी चहाचं पाणी होईल, या हिशेबाने तिने पैसे मोजले होते. दुकानदाराने बरंच समजावलं, पण "मग कॉर्डलेस लिहायचंच कशाला?" हा तिचा प्रश्न काही सुटला नाही.

तर सुरुवात तिथूनच. कॉर्डलेस म्हणजे बिनविजेची नव्हे. वायर असते, फक्त ती भांड्याला नसून खालच्या बेसला असते. बेस ओट्यावर कायम प्लगला जोडलेला राहतो, भांडं तेवढं उचलायचं, ओतायचं आणि परत ठेवायचं. आत बॅटरी नसते आणि असूनही भागणार नाही. एक लिटर पाणी उकळायला साधारण १०० वॉट-तास ऊर्जा लागते. आपल्याकडच्या १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत भरते जेमतेम ३७. म्हणजे एक लिटर पाण्यासाठी तीन पॉवर बँका रिकाम्या करायच्या. घरचा साधा इन्व्हर्टरही इथे कामाचा नाही. तो पंखे-दिव्यांसाठी असतो आणि केटल एकटीच वीस पंख्यांइतकी वीज ओढते.

आत काय चाललेलं असतं

केटल तशी सोपी वस्तू आहे. झाकण उघडून आत पाहिलं तर तळाला नुसती गुळगुळीत स्टीलची चकती दिसते. बादलीत टाकायच्या रॉडसारखं वेटोळं दिसत नाही, कारण ते चकतीच्या खाली चिकटवलेलं असतं. निक्रोम या मिश्रधातूची बारीक तार, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली आणि वरून धातूची नळी. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. म्हणून पाणी तापतं, पण पाण्यात करंट उतरत नाही.

भारतात मिळणाऱ्या बहुतेक केटल १५०० वॉटच्या. खोलीच्या तापमानाचं, म्हणजे २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळायला गणिताने साडेतीन मिनिटं लागतात. थोडी उष्णता भांडं तापण्यात आणि इकडेतिकडे जाते, म्हणून घड्याळ लावलंत तर चार-सव्वाचार मिनिटं भरतील. पाणी तापू लागलं की केटल आधी घोंघावते. नवखी माणसं त्या आवाजाला घाबरतात. तळाशी बुडबुडे तयार होतात आणि वरच्या गार पाण्यात जाऊन फुटतात, त्याचा तो आवाज. गंमत म्हणजे पाणी खरोखर उकळायला लागलं की हा आवाज उतरतो.

बेसच्या मधोमध एक गोल खुंटी असते आणि भांड्याच्या बुडाला तिच्या मापाची खोबण. फेज, न्यूट्रल आणि अर्थ हे तिन्ही संपर्क या खुंटीत एकात एक, गोल कड्यांसारखे बसवलेले असतात. गोल असल्यामुळे भांडं कुठल्याही दिशेने ठेवा, जोडणी होतेच. खोक्यावर '३६० अंश' लिहितात ते हेच. डावखुऱ्या माणसाला याचं मोल विचारा.

पण केटलची खरी करामत बेसमध्ये नाही, मुठीजवळच्या त्या छोट्या खटक्यात आहे. पाणी उकळलं हे तिला कळतं कसं? पुष्कळांना वाटतं की आत थर्मामीटर असेल आणि १०० अंश झाले की बंद होत असेल. तसं असतं तर महाबळेश्वरला केटल कधीच बंद झाली नसती. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. लेहला तर ८८ च्या आसपास. तिथे १०० अंशांची वाट पाहत बसलेली केटल पाणी आटेपर्यंत पेटलेली राहील.

म्हणून केटल पाण्याचं तापमान बघतच नाही, ती वाफेची वाट बघते. झाकणाच्या मागच्या बाजूला, मुठीच्या वरच्या टोकाशी आत एक भोक किंवा चीर असते. पाणी सळसळून उकळलं की वाफ तिथून मुठीतून किंवा नळीतून खटक्यापर्यंत पोहोचते. तिथे नाण्याएवढी धातूची एक चकती असते. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटवून केलेली. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, आणि फुगीर चकती अचानक उलट बाजूला फुगते. लहान मुलींच्या टिकटॉक पिना दाबल्यावर टक् करून उलटतात ना, अगदी तसं. ती उलटली की खटका पडतो आणि वीज बंद. इतकंच. ना चिप, ना सेन्सर.

ही युक्ती जुनी आहे. ब्रिटनमध्ये रसेल हॉब्स कंपनीने १९५५ साली वाफेवर बंद होणारी आपली केटल आणली. पुढे जॉन टेलर या इंग्रज संशोधकाने हे खटके आणि ३६० अंशांची जोडणी घडवली, आणि आइल ऑफ मॅन बेटावरच्या त्यांच्या स्ट्रिक्स कंपनीचे भाग जगभरच्या केटलमध्ये जाऊन बसले. याच टेलरनी नंतर केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजसाठी एक सोनेरी घड्याळ बनवलं. त्याच्या माथ्यावर बसलेला टोळासारखा प्राणी एकेक सेकंद खात जातो. २००८ मध्ये त्याचं अनावरण स्टीफन हॉकिंग यांनी केलं होतं. केटलच्या खटक्यावर मिळवलेला पैसा असा काळ खाणाऱ्या टोळात गेला, हे मला फार आवडतं.

वाफेच्या खटक्याखेरीज आणखी एक पहारेकरी असतो. चुकून रिकामी केटल चालू केली तर वाफच होणार नाही, मग खटका पडणार कसा? त्यासाठी तळाच्या चकतीला चिकटून आणखी धातूच्या चकत्या बसवतात. तळ फाजील तापला की त्या उलटतात आणि वीज तोडतात. खोक्यावर 'ड्राय बॉइल प्रोटेक्शन' लिहिलेलं असतं ते हे. हा पहारेकरी आहे म्हणून रोज रिकामी तापवू नका. तो अडीनडीसाठी आहे.

घेताना काय बघायचं

सर्वांत आधी केटल नव्हे, आपल्या भिंतीवरचा पॉइंट बघा. १५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. मोबाइल चार्जर लावतो तो छोटा पॉइंट ६ अँपिअरचा असतो. फ्रीज किंवा गीझरचा मोठ्या भोकांचा पॉवर पॉइंट १६ अँपिअरचा. हिशेब तुमच्यासमोर आहे. केटलला मोठी पिन आली असेल तर ती मोठ्याच पॉइंटला लावायची. मोठी पिन छोट्या पॉइंटला बसवणारे कन्व्हर्टर दुकानात सर्रास मिळतात, ते केटलसाठी वापरू नका. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. माझ्या एका मित्राच्या खोलीत त्या बोर्डाचं प्लास्टिक पापडासारखं फुगलेलं मी पाहिलंय. केटल शाबूत होती.

आणि अर्थिंग. स्टीलच्या भांड्याला हात लावायचा असतो, म्हणून तीन पिनांमधली वरची जाडी पिन शोभेची नाही. जुन्या वाड्यात किंवा भाड्याच्या खोलीत राहत असाल तर अर्थिंग खरंच आहे ना, हे वायरमनला एकदा बघायला सांगा.

आकार: एकट्या-दुकट्याला एक लिटरही पुरते, चार माणसांच्या घराला दीड ते पावणेदोन. आतलं भांडं पूर्ण स्टीलचं घ्यावं असं माझं मत. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या केटलला पहिले काही दिवस वास येतो, काहींचा जातच नाही. बाहेरून स्टील असेल तर ती चटका देते, म्हणून घरात लहान मूल असेल तर आत स्टील आणि बाहेर प्लास्टिक अशी दुहेरी भिंतीची घ्या. झाकण पूर्ण उघडतं का, आत हात जातो का, पाण्याची पातळी बाहेरून दिसते का, आणि आयएसआयची खूण आहे का, एवढं दुकानातच तपासा. रंगीत दिवे, काचेचं भांडं, हे ज्याच्या त्याच्या हौसेवर.

परदेशी शिकायला निघालेल्यांसाठी एक सूचना. इथली केटल अमेरिकेला नेऊ नका. तिथे १२० व्होल्ट. आपली १५०० वॉटची केटल तिथे जेमतेम ४०० वॉटने तापेल आणि लिटरभर पाण्याला पाव तास घेईल. उलट तिकडची १२० व्होल्टची केटल इथे २३० व्होल्टला लावली तर ती साडेतीनपटीहून जास्त वीज ओढू पाहील आणि जळेल. ब्रिटन आणि जर्मनीत व्होल्टेज आपल्यासारखंच, फक्त पिना वेगळ्या. पण तिथे पोहोचल्यावर नवीच घ्या. ब्रिटनमध्ये ३००० वॉटच्या मिळतात, निम्म्या वेळात पाणी तयार.

पहिल्या दिवशी आणि रोज

१. खोक्यातून काढल्यावर आतून ओल्या फडक्याने पुसा. 'मॅक्स' रेघेपर्यंत पाणी भरून उकळा आणि फेकून द्या. असं दोनतीनदा करा, म्हणजे कारखान्याचा वास आणि तेलकटपणा जाईल.

२. बेस सपाट, कोरड्या जागी ठेवा, शेगडी आणि सिंक दोन्हींपासून लांब. उरलेली वायर बेसखालच्या खाचेत गुंडाळा. ओट्यावरून लोंबणारी वायर रांगत्या मुलाच्या हाती लागली की काय होईल हे सांगायला नको.

३. भांडं बेसवरून उचलून नळाखाली भरा, बेसवर असताना वरून पाणी ओतू नका. बूड ओलं झालं असेल तर पुसून मगच ठेवा.

४. पाणी 'मिन' रेघेच्या वर आणि 'मॅक्स' रेघेच्या खाली. मॅक्सच्या वर भरलं तर उकळी तोटीतून बाहेर उडते आणि वाफेच्या भोकातही शिरते.

५. झाकण टक् आवाज येईपर्यंत लावा. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. झाकण उघडं राहिलं की वाफ वरच्या वर निघून जाते, खटक्यापर्यंत पोहोचत नाही आणि केटल उकळतच राहते.

६. खटका खाली दाबा, दिवा लागेल. काम झालं की तो आपोआप वर येईल.

७. मध्येच उचलायची वेळ आली तर आधी खटका बंद करा, मग उचला. चालू असताना उचलली तर खुंटीपाशी ठिणगी पडते आणि संपर्क हळूहळू काळे पडतात.

एकदा बंद झालेली केटल लगेच परत चालू करायला गेलात तर खटका टिकत नाही, पुन्हापुन्हा वर येतो. बिघडलेली नाही ती. आतली चकती अजून तापलेली आहे, मिनिटभर थांबा.

फायदा नेमका कशाचा

विक्रेते सांगतात, गॅस वाचतो. हिशेब करून बघू. एक लिटर पाण्याला केटल सुमारे ०.१ युनिट खाते. युनिट १० रुपये धरलं तर एक रुपया. शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर तेच पाणी ११-१२ ग्रॅम गॅसवर उकळतं, आणि १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर ते ७०-७५ पैशांत पडतं. म्हणजे पैशाने बचत काहीच नाही, झालाच तर चार आणे तोटा! तुमचे दर घालून हिशेब पुन्हा करा, पण फार फरक पडणार नाही. जो पडतो तो पाणी मोजून घेण्याने. दोन कपांसाठी दीड लिटर उकळायची सवय केटलमुळेच लागते. कपाने मोजून ओता, मिन रेघ गाठली की बस.

मग केटल का घ्यायची? ती विसरभोळ्यांसाठी आहे म्हणून. पाणी ठेवलं, फोन आला, दारावर कोणी आलं, आणि पातेलं करपलं, हे घरोघरी झालेलं आहे. एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर ही भीती जास्तच. शेगडी स्वतःहून बंद होत नाही, केटल होते. माझ्या मते हा एकच फायदा पैसे वसूल करणारा आहे. मावशीनेही केटल परत केली नाही ती यामुळेच.

स्वयंपाकात तिचा उपयोग चहापेक्षा आधणाला जास्त. उपम्याला, आमटीत वाढवायला, रश्शात घालायला, भाकरीचं पीठ भिजवायला कढत पाणी हवंच असतं आणि त्या वेळी शेगडीचे दोन्ही बर्नर अडकलेले असतात. आपला आलं घालून उकळलेला चहा मात्र तिच्यात होत नाही. ते काम पातेल्याचंच.

पावसाळ्यात प्यायचं पाणी उकळायला ती चालते का, असं बरेच जण विचारतात. चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पाण्याला खळखळून उकळी आली की ते आचेवरून उतरवून झाकून निवू द्यायचं. केटल त्या उकळीनंतरच बंद होते. गढूळ पाणी मात्र आधी गाळून घ्या. उकळल्याने जंतू मरतात, क्षार किंवा रसायनं जात नाहीत.

दूध आणि मॅगी

होस्टेलवाले आता पान उलटू पाहतील. दूध उतू जातं, फेस वाफेच्या भोकात शिरतो आणि आतल्या खटक्यावर साय धरतो. शिवाय तळाला करपलेला थर बसतो, तो घासूनही निघत नाही. मॅगीचं तसंच, वर मसाल्याचा वास महिनाभर. मॅगी करायचीच असेल तर केटलमध्ये फक्त पाणी उकळा आणि डब्यात शेवयांवर ओतून झाकून ठेवा. उघड्या तोंडाच्या, आतून सपाट अशा मल्टी-कुक केटल वेगळ्या मिळतात, त्यांच्यात शिजवता येतं. रेल्वेच्या डब्यात मात्र कुठलीच केटल लावू नका. तिथले सॉकेट मोबाइल-लॅपटॉपसाठी असतात आणि केटल वापरायला रेल्वेची बंदी आहे.

पांढरा थर

बोअरचं पाणी असेल तर महिन्याभरात तळाला पांढरी खपली धरते. क्षारच आहे तो, अंगाला अपाय नाही, पण उष्णता अडवतो. मग पाण्याला वेळ लागतो, आवाज वाढतो, आणि थर जाड झाला की तळ फाजील तापून केटल उकळण्याआधीच बंद पडते. पुष्कळ केटल इथेच भंगारात जातात, खरं तर त्यांना काहीच झालेलं नसतं.

उपाय किराणा दुकानात आहे. लिंबूसत्त्वाचे एक-दोन मोठे चमचे एक लिटर पाण्यात घाला, उकळा, अर्धा तास तसंच ठेवा. बुडबुडे येऊन थर विरघळताना दिसेल. ओतून द्या, मग साधं पाणी दोनदा उकळून फेका. लिंबूसत्त्व नसेल तर व्हिनेगर निम्मं आणि पाणी निम्मं, पण ते उकळू नका, नाहीतर घरभर वास. कोमट करून तासभर ठेवलं तरी पुरे. तळावर गंजासारखे तपकिरी ठिपके असतील तर तेही बहुधा यातच जातात. तारेची घासणी लावू नका. आणि केटल कधीही अख्खी पाण्यात बुडवून धुऊ नका. बुडाच्या खोबणीत पाणी गेलंच तर पालथी घालून दिवसभर वाळू द्या.

बिघडली की

दिवाच लागत नाही: त्याच पॉइंटला दुसरं काही लावून बघा. वीज असेल तर कदाचित ती कोरडी तापून आतून बंद झाली असेल, वीस मिनिटं गार होऊ द्या.

उकळूनही बंद होत नाही: झाकण नीट लागलंय का बघा. मग वाफेचं भोक, तिथे क्षार साचलेला असतो.

लावली की एमसीबी किंवा ईएलसीबी (घरच्या बोर्डातले, गडबड झाली की वीज तोडणारे खटके) पडतो: ओल असू शकते, पूर्ण वाळवून एकदा बघा. पुन्हा पडला तर केटल बाजूला ठेवा. वीज धातूत उतरतेय, इथे हिंमत दाखवायची नसते. अंगाला मुंग्या आल्यासारखं झालं तरी तेच.

बेसची खुंटी काळी पडली किंवा प्लास्टिक वितळल्यासारखं दिसलं तर तो बेस संपला. दुसऱ्या केटलचा बेस बसतो म्हणून लावू नका, तो तेवढा भार सोसणारा असेलच असं नाही. नवा घ्यायचा तर त्याच मॉडेलचा, आणि त्याची किंमत नव्या केटलच्या जवळ जात असेल तर नवीच घ्या. जुनी भंगारवाल्याला देण्याआधी प्लगजवळ वायर कापून टाका, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या ओट्यावर जाऊन परत चालू होणार नाही.